आग्नेय कोपरा

मिस्त्रींचा पहिला शब्द बहुधा 'नाय' असे. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायची ते वाट पाहत नसत.

पेणच्या एका डॉक्टरांनी त्यांना घराचा हॉल बघायला बोलावलं होतं. मिस्त्री दारातच थांबले. आत कामवाली बाई बादलीत फडकं बुडवून लादी पुसत होती. त्यांनी खिशातून काढलेला टेप पुन्हा खिशात टाकला.

"नाय."

"अहो, खोली तर बघा," डॉक्टर म्हणाले.

"खोली नाय बघितली. बादली बघितली."

आणि ते जिना उतरून गेले. ही हकिकत मला डॉक्टरांनीच सांगितली. हसत सांगितली, पण ते विसरले नव्हते हे कळत होतं. पुढे त्यांनी टाइल्स लावल्या.

घरात लाकडी फ्लोअरिंग बसवणं हा मिस्त्रींचा धंदा होता. ते कासू स्टेशनपासून खाडीच्या बाजूला असलेल्या एका गावचे. पंचविशीत आखातात गेले, साठी आली तेव्हा कंपनीने परत पाठवलं. मधली सगळी वर्षं त्यांनी एकच काम केलं: दुसऱ्यांच्या घरात गुडघ्यांवर बसून फळ्या जोडल्या. एका शेखच्या बंगल्यात ससाण्यांना बसायला स्वतंत्र खोली होती, तिलाही त्यांनी फळ्या घातल्या होत्या. "पाखरं माणसांपेक्षा बरी," ते सांगायचे. "पाणी सांडत नाय."

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा परत येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात पेणपासून रोह्यापर्यंत त्यांनी तीन घरांत काम केलं होतं. बाकी सगळीकडे नाय.

लोक त्यांना चाचा म्हणत. मीही म्हणत असे. मी पेणला एका दैनिकाचा वार्ताहर आहे, म्हणून ते मला पेपरवाले म्हणत.

त्यांच्याकडे खजुराचा पत्र्याचा डबा होता. त्यात रुमालात गुंडाळलेलं ओल मोजायचं यंत्र असे. दोन सुया कोब्याला टेकवल्या की छोट्या काचेत आकडा यायचा. पण यंत्रावर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता. ते कोब्यावर हातभर प्लास्टिकचा चौकोन ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करत आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्यासमोर उकिडवे बसत. प्लास्टिकच्या आतून थेंब धरलेले दिसले की म्हणत, "घाम येतोय अजून. ताप उतरला नाय." मग तारीख, जागा आणि आकडा पेन्सिलीने भिंतीवर लिहीत. त्यांना वही चालत नसे. वही घरमालकाच्या नजरेआड जाते, भिंत जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

फळ्या आल्या की त्या खोक्यांसकट त्याच खोलीत आठवडाभर पडून राहायला हव्यात, हा त्यांचा दुसरा नियम. भिंतीपासून बोटभर फट सोडायची, हा तिसरा. ती फट वरून पट्टीने झाकली जाते, पण आत मोकळी हवी, कारण लाकूड दमट दिवसांत फुगतं आणि त्याला सरकायला जागा लागते. "जावई हाय तो," ते म्हणायचे. "पावन्यासारखा ठेवायचा. भिंतीला टेकवला की भांडण."

चौथा नियम खिळ्यांचा. या फळ्या एकमेकींत खाचेने अडकतात आणि खालच्या फोमवर नुसत्या टेकून राहतात. त्यांना खिळा लागत नाही, आणि लावला तर अख्ख्या खोलीतल्या फळ्या त्या एका जागी जखडल्या जातात. पेण-रोह्यातल्या तमाम सुतारांना मिस्त्री 'खिळेवाले' म्हणत. या शब्दाइतकी वाईट शिवी त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही.

फळ्या नेहमी खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने लावायच्या, हा नियम नव्हता. ती त्यांची आवड होती. दहाबारा फळ्या झाल्या की ते गाल जमिनीला टेकवून खिडकीकडे बघत. उजेड सपाट आला की काम सरळ. मध्ये कुणी उभं असलं की तिथूनच म्हणत, "उजेड सोडा." मुहूर्ताआधी जागा बघायला आलेल्या आमच्या भटजींनाही त्यांनी हे सांगितलं होतं. भटजी निमूट बाजूला झाले.

रोह्यातलं घर दादाचं. तो परदेशात असतो. प्लॉट त्याचा, पैसे त्याचे, देखरेख माझी, आणि राहायला आई आणि मी. हॉलमध्ये लाकूड हवं ही वहिनीची निवड. मुंबईहून टेम्पोतून खोकी आली. त्यांवर 'इंजिनिअर्ड' असं छापलेलं होतं. आईने विचारलं, "हे खरं लाकूड की खोटं?"

मिस्त्रींनी एक फळी काढून तिची कड तिच्यासमोर धरली. खाली प्लायचे आडवे-उभे थर, वर ओकची नखभर जाड पट्टी.

"वर खरं, काकू. खाली जोड दिलेला. म्हणून वाकत नाय."

"म्हणजे पैसे खऱ्याचे आणि माल जोडाचा."

"व्हय," असं ते म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "नाय. नुसतं खरं आसतं तर तुमच्या रोह्यात एका पावसात होडी झाली आसती."

ते सकाळच्या गाडीने कासूहून यायचे आणि दुपारचं जेवण बाहेर पायरीवर बसून जेवायचे. तांदळाची भाकरी आणि बहुतेक वेळा सुकी मासळी. आईला वाटलं, आपलं हिंदूंचं घर म्हणून ते आत जेवत नाहीत. तिला त्यात थोडं बरंही वाटलं असावं. खरं कारण मुंग्या होत्या. खरकटं पडलं की मुंग्या येतात आणि मुंग्या आल्या की बाई पाणी आणते.

आईने त्यांच्या चहासाठी एक कप वेगळा काढला होता. निळ्या फुलाचा, कानाजवळ चीर गेलेला. घरातले बाकीचे कप पांढरे होते. तिसऱ्या दिवशी मी चुकून पांढऱ्या कपात चहा नेला. मिस्त्रींनी कप हातात घेऊन फिरवला आणि परत दिला.

"फुलवाला आणा, पेपरवाले. काकूंना शोधायला नको."

ते रागावले नव्हते. एखाद्या घराचा कोबा कुठे ओला आहे हे त्यांना कळे, तसंच हे कळलं होतं. त्यांनी ते भिंतीवर लिहिलं नाही इतकंच.

मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खाराच्या बांधाला लागून दोन खोल्यांचं घर. जमीन सिमेंटच्या कोब्याची, मध्ये तडे गेलेली, त्यावर प्लास्टिकची चटई. त्यांच्या बायकोने मला ती चटई उचलून दाखवली.

"बघा. दुबईला राजाच्या घरी लाकूड. माझ्या घरी ह्ये."

"इथं खालून खाडीचं पानी येतं गो," मिस्त्री म्हणाले. "लाकूड टिकायचा नाय."

"बघितलंत? आख्ख्या तालुक्याला नाय म्हणतो, घरवालीला कसा सोडंल? नाय म्हणायचा पगार आसता तर आमी बंगल्यात आसतो."

मिस्त्री हसले. मग त्यांनी मला रिसॉर्टचं सांगितलं. वडखळवरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की पुढे एक रिसॉर्ट बांधलं जात होतं. सगळ्या खोल्यांना लाकडी फ्लोअरिंग. तिथल्या माणसाने त्यांना भेटायला बोलावलं होतं आणि एकच अट घातली होती. याच जिल्ह्यात बसवलेली, एक पूर्ण पावसाळा काढलेली एक खोली दाखवा. आखातातले फोटो नकोत, तिथली हवा वेगळी. मिस्त्रींना ही अट आवडली होती. शहाणा माणूस आहे, ते म्हणाले. आधीच्या तीन कामांपैकी दोन त्यांना दाखवण्यासारखी वाटत नव्हती, कारण मालकांनी नंतर बादली आणली होती. तिसरं नागोठण्याचं. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. राहिलं आमचं.

"तुमच्याकडची एक खोली," ते म्हणाले. "ती पावसाळ्यातून बाहेर आली की मंग दोन-तीन वर्सं मला कुनाचं दार वाजवायला नको."

बायको म्हणाली, "आनि मला उधारीसाठी कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं तोंड बघायला नको."

आमच्या घरी पहिल्या भेटीत मिस्त्रींनी यंत्र काढण्याआधी एक प्रश्न विचारला होता.

"वास्तुशांत झाली काय?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"मग नाय. तुमचा देव आधी कोपऱ्यात जाऊ दे. मंग मी."

नागोठण्याच्या घरी त्यांना हा धडा मिळाला होता. आमच्याकडे वास्तुशांतीच्या दिवशी घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत खड्डा करतात. त्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा उपडी ठेवतात, सोबत धान्य, पंचरत्नं, फुलं, वर पाणी. मग माती आणि सिमेंटने तो बुजवतात. नागोठण्याला मिस्त्रींनी फळ्या बसवून दिल्यानंतर आठ दिवसांनी भटजी आले आणि गवंड्याने कोपऱ्यातल्या फळ्या उपसून खड्डा खणला. उरलेल्या फळ्या मग एकेक करून सुटल्या. तेव्हापासून ते प्रत्येक हिंदू घरात आधी आग्नेय दिशा विचारून घेत. आमच्या घराची आग्नेय कुठली हे मला होकायंत्र बघून सांगावं लागलं. मिस्त्रींनी खिडकीतून सूर्य बघूनच सांगितलं होतं.

दादाची सुट्टी एप्रिलमध्ये होती. मुहूर्त त्याच सुट्टीतला. पाहुणे येणार, तर घर पूर्ण दिसायला हवं, कोब्यावर सतरंज्या नकोत, असं त्याचं म्हणणं. मी ते मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी तीनदा नाय म्हटलं. आधी वास्तुशांत, मग खड्डा वाळायला तीन आठवडे, मग फळ्या, म्हणजे काम मे महिन्याच्या शेवटी, तोवर हवा दमट, तेव्हा दिवाळीनंतरच.

तेव्हा मी रिसॉर्टची आठवण काढली. दिवाळीनंतर काम केलं तर हा पावसाळा हातातून जाईल, मी म्हणालो. ते लोक वर्षभर थांबतील का?

मिस्त्री बराच वेळ भिंतीवरचे आपले आकडे बघत बसले. मग म्हणाले, "व्हय."

त्यांच्या तोंडून मागणीला आलेला हा एकच होकार मी ऐकला.

त्यांनी वाट काढली. सगळा हॉल करायचा, आग्नेयेला दीड हात चौकोन उघडा सोडायचा, तिथे तात्पुरता प्लायचा तुकडा टाकायचा. खड्डा बुजवल्यावर तीन आठवड्यांनी ते येणार, प्लास्टिक लावून घाम बघणार आणि कोपरा स्वतः पुरा करणार. त्यासाठी सात फळ्या त्यांनी मापात कापून, मागे पेन्सिलीने एक ते सात आकडे घालून खोक्यात ठेवल्या. कोपऱ्यात भिंतीच्या पायथ्याशी, जिथे पुढे पट्टी येणार होती तिथे, त्यांनी तारखेऐवजी एकच शब्द लिहिला: नाय.

"भटजी, गवंडी, सुतार, कुनी बी विचारलं तर हा दाखवा," ते मला म्हणाले. "मी येईपर्यंत."

"तुम्ही येईपर्यंत," मी म्हणालो.

वास्तुशांत नीट झाली. पाहुण्यांनी चपला बाहेर काढून फळ्यांवरून पाय फिरवून बघितले. मिस्त्रींना आईने बोलावलं नव्हतं, मीही नव्हतं. खड्ड्यात भटजींनी सांगितलं त्याहून थोडं जास्तच पाणी पडलं, कारण घरातल्या प्रत्येकाला वास्तुपुरुषावर पळीभर घालायचं होतं. गवंड्याने सिमेंट भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा हॉलचे फोटो काढत होता. प्रत्येक फोटोत तो प्लायचा तुकडा येत होता.

"हे काय खरूज झाल्यासारखं दिसतंय," वहिनी म्हणाली.

स्वयंपाकघरात कपाटाची दारं बसवणारा सुतार होता. त्याने खोकं उघडलं, फळ्या बघितल्या. "अर्ध्या तासाचं काम," तो म्हणाला.

दादाची परतीची फ्लाइट लगेच पुढच्या दिवशी होती. त्याने मला सांगितलं, "मिस्त्रीला फोन करून विचार."

मी फोन घेऊन अंगणात गेलो. नंबर काढला. उत्तर मला माहीत होतं, आणि ते ऐकल्यावर मला आत येऊन ते सांगावं लागलं असतं. मी फोन केला नाही. दोन मिनिटं तिथेच उभा राहून आत आलो.

"विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"व्हय म्हणाला."

दादा हसला. "बघ. सुधारला."

आई देवघराच्या दारात होती. तिने मला अंगणात पाहिलं होतं, खिडकीतून.

सुताराला खाचेत फळी अडकवता आली नाही. त्याने फळ्यांची खाचेत बसणारी जीभ रंध्याने काढून टाकली आणि सिमेंटचे खिळे मारले. प्रत्येक फळीला दोन. भिंतीलगतची फट त्याने पुट्टीने भरली, वर लाकडाच्या रंगाची पट्टी चिकटवली. पुट्टी आणि पट्टीखाली मिस्त्रींचा शब्द गेला. फोटो चांगले आले.

दर पंधरा दिवसांनी मिस्त्रींचा फोन येऊ लागला. तीन आठवडे झाल्यावर त्यांनी कोपऱ्याला यायची तारीख विचारली. मी म्हणालो, आईला बरं नाही, थांबा. पुढच्या वेळी म्हणालो, मी बाहेरगावी आहे. तिसऱ्या वेळी त्यांनीच सांगितलं, "आता हवा दमट झाली. कोपरा दिवाळीनंतरच करू. प्लाय आसू दे. बाकी फळ्या कशा हायत?"

"ठीक आहेत."

"आवाज?"

"नाही."

"बादली?"

"नाही चाचा. आई कोरडंच पुसते."

शेवटचं खरं होतं. आईने त्या जमिनीवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही. वेगळ्या कपाच्या बाईने मिस्त्रींची ती एक गोष्ट अखेरपर्यंत पाळली.

जुलैत कोपऱ्यातल्या फळ्यांच्या कडा वाटीसारख्या वर आल्या. नंतर हॉलच्या मधोमध उंचवटा आला, फळ्यांखाली मांजर निजल्यासारखा. अख्खी जमीन फुगून सरकायला बघत होती आणि एका कोपऱ्यात चौदा खिळ्यांनी तिला धरून ठेवलं होतं. गॅलरीचं दार उघडेना. मी दादाला फोटो पाठवले.

"माणूसच बोगस," दादा म्हणाला. "त्यानेच व्हय म्हटलं होतं ना? आता बोलवू नकोस. आला की तमाशा करेल."

मी बाजारातून एक जाड सतरंजी आणली.

गणपती गेल्यावर मिस्त्रींचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. रिसॉर्टचा माणूस तयार आहे, उद्या घेऊन येऊ का? मी म्हणालो, "या." दुसरं काहीही म्हणायला आधी खरं सांगावं लागलं असतं.

ते इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून आले. बूट पायरीवर काढले. हातात खजुराचा डबा. रिसॉर्टचा माणूस चाळिशीचा, सभ्य, कमी बोलणारा. मी सकाळीच सतरंजी काढून ठेवली होती. ती अंथरलेली ठेवून काय उपयोग झाला असता हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

मिस्त्री दारातच थांबले. डॉक्टरांच्या दारात थांबले असतील तसेच. मग आत आले, उंचवट्याजवळ बसले, गाल जमिनीला टेकवून खिडकीकडे बघितलं. रिसॉर्टचा माणूस खिडकीत उभा होता. त्याला ते उजेड सोडा म्हणाले नाहीत.

उठून ते सरळ आग्नेय कोपऱ्यात गेले. प्लाय जिथे असायला हवा होता तिथे फळ्या होत्या. त्यांनी पट्टी नखाने उचकटली, डब्यातून पातळ पटाशी काढली आणि सात नंबरची फळी वर केली. लाकूड खालून काळं पडलं होतं. ती चरचरत आली आणि तिच्याबरोबर एक खिळा आला. त्यांनी तो तळहातावर घेतला.

"हा खिळा माझा नाय."

हे त्यांनी रिसॉर्टच्या माणसाला सांगितलं, पण बघत माझ्याकडे होते.

त्या माणसाने मला विचारलं, "तुमच्याकडे मध्ये दुसऱ्या कुणी काम केलं का?"

आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. दोन पांढरे कप, एक फुलवाला.

बातमीदारीत एक वाक्य असतं. अधिकारी ते आम्हाला नेहमी ऐकवतात आणि आम्ही ते अवतरणात छापतो, कारण ते खोटं ठरवता येत नाही. मी ते वाक्य म्हणालो.

"माझ्या माहितीत नाही."

आईने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती आत गेली.

मिस्त्रींनी खिळ्याकडे पुन्हा एकदा बघितलं.

"मग माझाच आसंल," ते म्हणाले.

त्यांनी तो रुमालात यंत्राशेजारी ठेवला, डबा बंद केला, फळी होती तिथे परत टेकवली. रिसॉर्टचा माणूस जाताना माझे आभार मानून गेला. त्याची गाडी वडखळच्या दिशेने गेली, मिस्त्री स्टेशनच्या दिशेने पायी.

संध्याकाळी आई कप विसळत होती. "त्याने चहा घेतला नाही," ती म्हणाली. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

दिवाळीनंतर आम्ही टाइल्स लावल्या. फळ्या उपसल्यावर भिंतीच्या पायथ्याशी पुट्टीच्या खालून 'नाय' निघाला. टाइलवाल्याने विचारलं, हे काय? मी म्हणालो, काही नाही. त्याने त्यावर सिमेंट ओढलं.

गेल्या हिवाळ्यात मी पेणच्या गणपतीच्या कारखान्यांवर मजकूर करत होतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तिथे आधीच तयार होतात, कारण बोटीला वेळ लागतो. एका कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये मूर्तींसाठी लाकडी पेट्या ठोकत होते. फळ्या कच्च्या, गाठीच्या, वापरून फेकायच्या. मिस्त्री तिथे स्टुलावर बसले होते. स्टुलावर बसलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. गुडघे गेले असावेत. ओठांत पाचसहा खिळे धरलेले, हातात लोखंडी हातोडा. शेजारी खजुराचा डबा उघडा होता. त्यात यंत्र नव्हतं, खिळे होते.

"चाचा, ओळखलंत?"

त्यांनी मान डोलावली. खिळे तोंडातच होते.

"त्या दिवशी मी सांगायला हवं होतं."

त्यांनी खिळे एकेक काढून तळहातावर घेतले. "कुनाला?"

"त्या रिसॉर्टवाल्यांना."

"काय?"

"की कोपरा तुम्ही केला नाही. सुताराने केला. मी करून घेतला."

हे वाक्य मी त्याआधी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. शेडमध्ये आणखी दोघं होते. त्यांनी ऐकलं असेल, पण त्यांना त्यातलं काही समजायचं कारण नव्हतं.

मिस्त्रींनी खिळे मुठीत मिटले. मग म्हणाले, "पेपरवाले, तुमच्या पेपरात चूक झाली की मागनं सुधारून छापता ना?"

"छापतो."

"कुठं?"

"आतल्या पानावर. खाली."

"वाचतो कोन?"

"फारसं कुणी नाही."

"हां," ते म्हणाले, आणि खिळे परत एकेक करून ओठांत धरले. पुढची फळी मांडीवर घेतली. मी आणखी काहीतरी बोलणार होतो. त्यांनी हातोड्याने बाजूला खूण केली.

मला वाटलं, जा म्हणतायत. मग लक्षात आलं, मी शेडच्या दारात उभा होतो आणि त्यांच्या फळीवरचा उजेड अडला होता. मी सरकलो. त्यांनी फळी डोळ्यांजवळ आणून तिरकी धरली, सरळ आहे का बघितली. ती सरळ नव्हती. त्यांनी तिच्यात खिळा ठोकला.